नव्व्याण्णव उजवे

रूर नदीकाठच्या त्या संशोधन संस्थेत हेडविग पिओन्टेकला चौतीस वर्षं झाली होती, आणि या चौतीस वर्षांत तिला ज्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. तीही अंगठा वगळून.

तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत सहा यंत्रं होती. वरच्या मजल्यांवरचे डॉक्टर आणि डॉक्टर व्हायला निघालेले सकाळी आपापल्या चिमुकल्या बाटल्या आणून तिच्या लाकडी फळीत खोचून जात. बाटलीतला पदार्थ कोरडाच हवा, हा तिचा नियम. तो विरघळवायची ती स्वतः. "तुमच्यातल्या निम्म्यांना चहात साखर विरघळवता येत नाही," असं ती तोंडावर सांगे. मग ते द्रावण पोलादाच्या एका बारीक नळीतून जाई, आणि कागदावर दोन शिखरं उमटत. एक डाव्याचं, एक उजव्याचं.

काही रेणू आपल्या हातांसारखे असतात. बोटं तीच, तळवा तोच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात जात नाही. औषधाला यातला एकच हात चालतो. म्हणून एकच हात घडवायचा, दुसरा घडूच द्यायचा नाही, यासाठी जगभरचे रसायनवाले आयुष्य घालवतात. आधी हे काम महागड्या धातूंकडून करून घेत. मग दहा वर्षांपूर्वी सगळ्यांना साक्षात्कार झाला, की धातूची गरजच नाही. जिलेटिनमध्ये सापडणारं साधं अमिनो आम्लदेखील हे करतं. झालं! उठला तो अमिनो आम्ल भांड्यात टाकून ढवळू लागला. पंधरवड्याला नवा उत्प्रेरक, महिन्याला नवा लेख. हेडविगच्या मते त्या लेखांपैकी निम्म्यांचा उपयोग डळमळत्या टेबलाच्या पायाखाली बरा झाला असता.

प्रोफेसर फोल्कमार एलरडिंग यांनी वीस वर्षं पॅलेडियम धातूची आरती केली होती. वारं फिरलं तसे तेही फिरले. २००९ साली त्यांच्या दालनाबाहेर 'धातूविना रसायन' असा मोठा फलक लागला. पाहुणे आले, वार्ताहर आले, की प्रोफेसर निसर्गावर बोलत. हेडविगला आठवत होतं त्याप्रमाणे त्यांनी अठरा वर्षांत एक चंबू विसळला नव्हता.

त्यांचा लाडका होता डॉक्टर टिलो ब्रांडहोर्स्ट. बत्तीस वर्षांचा, गुळगुळीत दाढीचा, दार न ठोठावता आत शिरणारा. त्याने एक नवा उत्प्रेरक काढला होता आणि त्यावरचा त्याचा लेख मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. बारा पदार्थ, बाराही शंभरात नव्व्याण्णव उजवे, आणि पदरात पडलेला माल शंभरात चौऱ्याण्णव. लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत हेडविगचंही नाव होतं. यंत्र तिनेच चालवलं होतं ना.

"पिओन्टेकबाई, तुमच्या यंत्राने एवढं देखणं शिखर कधी पाहिलं होतं का?" टिलोने विचारलं होतं.

"यंत्राला डोळे नसतात," ती म्हणाली होती. "त्यामुळे कोण आणून देतंय तेही त्याला दिसत नाही. नशीबवान आहे."

टिलो हसला. आपला अपमान झाला हे कळायलाही थोडी विनम्रता लागते.

त्याच वर्षी विबके टेडसेन डॉक्टरेटसाठी आली. उत्तरेच्या समुद्रकाठची, उंच, वाकून चालणारी. बोलायची इतकं हळू की समोरच्याला दोनदा विचारावं लागे. तिचं काम सरळ होतं. टिलोचा उत्प्रेरक घ्यायचा आणि आणखी एकोणीस पदार्थांवर चालवून दाखवायचा. ती रोज आठ वाजता बाटल्या आणून खोचायची आणि रोज दुपारी तेच उत्तर घेऊन जायची. शंभरात नव्वद उजवे, दहा डावे. कधी एकोणनव्वद. नव्व्याण्णव कधीच नाही.

सहा महिन्यांनी प्रोफेसरांनी तिला टिलोचाच पहिला पदार्थ करायला लावला. तिथेही नव्वद. मग टिलोने तोच पदार्थ पुन्हा केला आणि बाटली स्वतः खाली आणून दिली. नव्व्याण्णव.

"नाचता येईना अंगण वाकडं," प्रोफेसर सगळ्यांदेखत म्हणाले. विबकेने मान खाली घातली.

हेडविगला रडवेली माणसं आवडत नसत. विबके रडायची नाही, पण कोणत्याही क्षणी रडेल असा तिचा चेहरा असे, आणि हेडविगला ते त्याहून नकोसं वाटे. एकदा जेवणाच्या वेळी, तळलेले बटाटे आणि सॉसेजच्या ताटासमोर, कुणीतरी विचारलं, "त्या टेडसेनचं काय चाललंय?"

"काय चालायचंय? त्या पोरीला हात नाहीत, फावडी आहेत," हेडविग म्हणाली.

टेबल खदखदून हसलं. हेडविगनेही बटाट्यावर मोहरीची चटणी लावून घेतली आणि ती हा विषय विसरून गेली.

*

फेब्रुवारीत एका सकाळी विबके खाली आली. हातात बाटल्या नव्हत्या.

"पिओन्टेकबाई, माझ्या जुन्या मोजमापांचे कागद मिळतील का? सगळे."

"कशाला?"

"मी सोडून चाललेय. सरांना द्यायचेत."

"अर्ध्यावर?"

"सर म्हणाले, दोन वर्षं पुरे झाली." विबके खिडकीकडे पाहत होती. "म्हणाले, 'मी एकटाच म्हणत नाही. तळमजल्यावरच्या पिओन्टेकबाई, चौतीस वर्षांचा अनुभव, त्याही म्हणतात की हात नाहीत, फावडी आहेत.'"

हेडविगने कपाटाची किल्ली शोधण्याचं नाटक केलं. किल्ली तिच्या गळ्यातच होती.

"मी... तसं म्हटलं होतं खरं," शेवटी ती म्हणाली.

"हो. ठाऊक आहे मला. मी मागच्या टेबलावर होते."

विबकेच्या आवाजात तक्रार नव्हती. जे घडलं ते तिने सांगितलं, बस. हेडविगने एलरडिंगला कधी कस्पटासमानही लेखलं नव्हतं. आणि तिचंच वाक्य उचलून त्या माणसाने एका मुलीला हाकलायला वापरलं होतं. तिला स्वतःची किळस आली. तिच्यासाठी ती भावना अगदीच नवी होती.

"दुपारी ये. कागद काढून ठेवते," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत तिने एकही कागद फेकला नव्हता. विबकेच्या कागदांचा ढीग काढला, मग हात सहज टिलोच्या फायलीकडे गेला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिची स्वतःची नोंद असे, की बाटलीत काय दिसलं. विबकेच्या कागदांवर: तेल. पिवळसर तेल. घट्ट तेल. पाकासारखं. टिलोचा पदार्थ विबकेने केला त्या दिवशीची नोंद: चिकट, मधासारखं, बाटलीच्या तळाला गोठलेलं.

टिलोच्या कागदांवर: पांढरी भुकटी. पांढरी भुकटी. पांढऱ्या सुया. बाराही कागदांवर पांढरं.

हेडविग खुर्चीत टेकली. तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, दीड वर्ष डोळ्यांसमोर होतं, आणि ती उंटावरून शेळ्या हाकत बसली होती.

दुपारी विबके आली तेव्हा हेडविगने दार लावून घेतलं.

"तुझ्या त्या एकोणीस पदार्थांत एक तरी स्फटिक धरतो का?"

"नाही. सगळी तेलंच आहेत. सरांनीच यादी दिली होती."

"आणि टिलोचा पदार्थ केलास तेव्हा तू तो स्फटिक करून घेतलास?"

"नाही. लेखात तसं लिहिलेलंच नाही. गाळायचा, सुकवायचा, मोजायचा, एवढंच आहे."

"शुक्रवारी लावू या," हेडविग म्हणाली. "तो पदार्थ. माझ्यासमोर. रात्रभर थंडीत ढवळत राहू दे, शनिवारी सकाळी उघडू."

"मी तर चाललेय, बाई."

"सोमवारी जा. दोन दिवसांनी समुद्र आटणार नाही."

शनिवारी संस्थेत चिटपाखरू नव्हतं. हेडविग स्टुलावर बसून बघत राहिली. ती आलीच होती खोट काढायला, सवयच होती तशी. पण विबकेने पाण्याचा आणि इथरचा थर वेगळा केला तेव्हा मधली रेघ हललीसुद्धा नाही. रिकामी बाटली तिने दोनदा तोलली. पदार्थ गाळायच्या काचेच्या नळीत वाळू भरताना एक बुडबुडा राहू दिला नाही. हेडविगने तोंड उघडलं ते फक्त श्वास घ्यायला.

मिळाला तो मधासारखा चिकट ऐवज. वजन दहा ग्रॅमला थोडं कमी, म्हणजे लेखातल्या चौऱ्याण्णव टक्क्यांच्या अगदी जवळ. त्यातला कणभर यंत्रात गेला. नव्वदाला दहा.

"बघा," विबके म्हणाली. "माझे हात."

"गप्प बस. आता उरलेला कोमट अल्कोहोलात विरघळव, आणि खिडकीत ठेव."

दोघींनी ब्रेडवर कच्चं डुकराचं मांस आणि कांदा घालून खाल्लं. तासाभराने चंबूत पांढऱ्या सुया उभ्या राहिल्या. गाळल्या, सुकवल्या, तोलल्या. सात ग्रॅमदेखील भरल्या नाहीत. त्या यंत्रात गेल्या. नव्व्याण्णवाला एक. खाली गळलेलं अल्कोहोल सुकवून जे उरलं तेही मोजलं. एकोणसत्तरला एकतीस. नको असलेले डावे जवळजवळ सगळे तिथे जाऊन बसले होते.

विबके तीन कागद शेजारी शेजारी ठेवून बघत होती.

"स्फटिक केला यात गुन्हा नाही," ती हळूहळू म्हणाली. "सगळेच करतात. पण मग वजनही स्फटिकांचंच लिहायला हवं."

"इथेच तर घोडं पेंड खातंय. वजन लिहिलं स्फटिक करायच्या आधीचं, शुद्धता लिहिली स्फटिक केल्यानंतरची. दोन्ही आकडे खरे. साय चाटून खायची आणि वर सांगायचं, आमच्या गायीच्या आचळातून सायच येते."

"आणि माझ्या तेलांवर साय धरतच नाही."

"नाही ना. म्हणून तुझी फावडी." हेडविगने नाक शिंकरलं. "तो शब्द माझा होता. मी मूर्ख होते. आता जाऊ नकोस."

विबके चंबू विसळायला वळली. पण सोमवारी ती गेली नाही.

*

मंगळवारी नऊ वाजता एलरडिंगच्या गटाची बैठक असे. हेडविग तिथे चौतीस वर्षांत फिरकली नव्हती. तिला बघून टिलोने खुर्ची पुढे सरकवली.

"अरे वा! यंत्र बंद पडलं वाटतं?"

"यंत्र चांगलं चाललंय. म्हणून तर आले." तिने तीन कागद टेबलावर ठेवले आणि जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. विबके तिच्याशेजारी उभी होती. कुठल्या तापमानाला काय केलं, किती वजन भरलं, हे तिने सांगितलं. या खेपेला तिला कुणी दोनदा विचारलं नाही.

खोलीतली दहा-अकरा पोरं आपापल्या कपात पाहू लागली.

टिलो खांदे उडवून म्हणाला, "मग? शेवटचा टप्पा स्फटिकीकरणाचा असतोच. ते काय वेगळं लिहायचं? सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग," हेडविग म्हणाली. "मी त्यांचेही कागद काढते."

"पिओन्टेकबाई," प्रोफेसर मऊ आवाजात म्हणाले, "आम्हाला तुमच्या कामाची कदर आहे. तुमचं काम बटण दाबायचं आहे. अर्थ आम्ही लावतो."

"लावलात ना. माझ्या एका फाजील वाक्याचा अर्थ लावून या पोरीला घरी पाठवत होता."

प्रोफेसरांनी बैठक संपवली आणि तिला आपल्या दालनात बोलावलं. खिडकीशी नवी कॉफी मशीन होती. तिला त्यांनी कॉफी विचारली नाही.

"तुमच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली?"

"चार."

"शांतपणे काढा की. लेख छापून झालाय. टिलोची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात, दुसऱ्या विद्यापीठात. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पुसण्याजोगं त्यावर काही नव्हतं.

"तपशिलात मी जात नाही," ते म्हणाले.

हेडविगला वाटलं होतं की त्यांना माहीत असेल तर तिला संताप येईल आणि नसेल तर कीव. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. माहीत करून घ्यायची तसदीही या माणसाने घेतली नव्हती. ज्याला पंधरा वर्षं ती धूर्त कोल्हा समजत आली होती तो निव्वळ आळशी निघाला. कोल्हा म्हणून तरी त्याची काही किंमत होती.

"दोन गोष्टी हव्यात," ती म्हणाली. "टेडसेनला तिचं काम तिच्या आकड्यांसकट पुरं करू द्या. आणि सगळ्यांसमोर सांगा की तिचे हात चांगले आहेत."

"पहिली बघू. दुसरी बालिशपणाची आहे."

"मग दुसरी मी करते."

बारा वाजता भोजनगृहात गर्दी होती. हेडविग ताट घेऊन आली आणि उभीच राहिली. तिचा आवाज यंत्रांच्या घरघरीत तयार झालेला होता, शेवटच्या टेबलापर्यंत पोचला.

"मी मागे टेडसेनच्या हातांबद्दल इथेच बसून काहीतरी बरळले होते. तुम्ही हसला होतात. ते खोटं होतं. शनिवारी मी तिला काम करताना पाहिलं. या इमारतीत तिच्याइतके स्वच्छ हात दुसरे नाहीत, आणि माझे धरून सांगतेय. आता जेवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काट्या-चमच्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. विबके कोपऱ्यातल्या टेबलावर होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो आनंदाने नव्हता हे हेडविगला इतक्या लांबूनही दिसलं.

*

विबकेने आणखी दीड वर्ष काम केलं. प्रबंधाच्या तक्त्यात तिने दोन रकाने आखले, स्फटिकीकरणाआधी आणि स्फटिकीकरणानंतर, आणि टिलोचे बाराही पदार्थ पुन्हा करून दोन्हीकडे आकडे भरले. प्रोफेसरांनी तो तक्ता परिशिष्टात ढकलायला लावला. तिने ढकलला. पण दुसरी परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातली होती, शर्करांवर काम करणारी एक म्हातारी बाई, आणि ती परिशिष्टं आधी वाचणाऱ्यांपैकी निघाली. परीक्षेत विबकेला तिने पाच मिनिटं प्रश्न विचारले आणि मग चष्म्यावरून एलरडिंगकडे पाहिलं.

"हे नियतकालिकाला कळवलंत ना, प्रोफेसर?"

"कळवण्याच्या मार्गावर आहोत," एलरडिंग म्हणाले.

तीन महिन्यांनी अंकाच्या शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या अलीकडे, दोन ओळींची दुरुस्ती आली. 'शुद्धता स्फटिकीकरणानंतर मोजण्यात आली होती. निष्कर्षांवर याचा परिणाम होत नाही.' तोपर्यंत टिलो दुसऱ्या विद्यापीठात प्रोफेसर होऊन बसला होता. एलरडिंगना कुठल्याशा रसायन मंडळाचं पदक मिळालं आणि सत्काराला खालच्या मजल्यापर्यंत आमंत्रणं गेली. हेडविग गेली. भाषणभर तिने फक्त धुरावलेल्या रावस माशाकडे लक्ष दिलं आणि टाळ्यांची वेळ झाली तेव्हा तिचे दोन्ही हात ताटात गुंतलेले होते. परिणाम होत नाही म्हणे. कुणाच्या पदकावर ना पदावर, खरंच होत नव्हता. त्या अर्थाने छापलेली ती ओळ खरी होती.

विबकेला दुसऱ्या दर्जाची श्रेणी मिळाली. एलरडिंगच्या गटात इतकी खालची श्रेणी गेल्या दहा वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. त्या परीक्षेनंतर लगेच गटातल्या पोरांनी प्रथेप्रमाणे पुठ्ठ्याची काळी टोपी तिच्या डोक्यावर चढवली आणि बिअरचे क्रेट अंगणात आणले. उत्तरेकडच्या एका जहाजाच्या रंगाच्या कारखान्यात तिची नोकरी ठरली होती. पगार बरा होता, आणि तिथल्या मुलाखतीत तिला कुणी प्रोफेसरांचं शिफारसपत्र मागितलं नव्हतं. त्यांनी तिला एक मिश्रण तोलायला दिलं आणि बघत बसले.

अंगणात गर्दी पांगली तेव्हा हेडविग दोन बाटल्या घेऊन तिच्याकडे आली. साडेतीन दशकांत तिने संस्थेतल्या कुणाला आपलं पहिलं नाव वापरू दिलं नव्हतं. त्यासाठी दोन दिवस तिने मनाची तयारी केली होती.

"आता तू डॉक्टर झालीस," ती म्हणाली. "मला नुसतं हेडविग म्हण. बाई नको, अहो-जाहो नको. तू म्हण."

विबकेने बाटली घेतली, हेडविगच्या बाटलीला टेकवली. टोपी तिच्या एका कानावर उतरली होती.

"तुम्ही नसता तर मी आज इथे नसते," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही."

"बरं, बरं."

"पण हेडविग नको, पिओन्टेकबाई. तुम्हीच बरं."

तिने ते रागाने म्हटलं नाही. खिजवायलाही नाही. आठवड्याचा हवामानाचा अंदाज सांगावा तसं म्हटलं. मागच्या टेबलावर बसून जे ऐकलं होतं ते तिने ऐकलं होतं, आणि शनिवारच्या तीन कागदांनी किंवा भोजनगृहातल्या भाषणाने ते न ऐकलेलं होणार नव्हतं.

हेडविगच्या जिभेवर एक चांगलं धारदार वाक्य आलं. ते तिने बिअरच्या घोटाबरोबर गिळलं. मग म्हणाली, "ठीक आहे. जशी तुझी मर्जी, डॉक्टर टेडसेन."

आणि रिकामी बाटली क्रेटमध्ये ठेवून ती खाली गेली. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी फळीत नऊ बाटल्या खोचून ठेवल्या होत्या. तिने पेन्सिल घेतली, पहिली बाटली उजेडात धरली आणि आत काय आहे ते पाहिलं.